बॅटमॅनची सरगम: आठ चित्रपटांच्या पार्श्वसंगीताची तुलना कशी करावी

माझ्या भाच्याला मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट होता. विषय त्यानेच घेतला, सुपरहिरो चित्रपटांच्या मालिकेतल्या वाद्यवृंदाच्या संगीताची तुलना. घेऊन झाल्यावर माझ्याकडे आला. "मावशी, तुला पेटी येते ना? मग दोन तासांचं काम आहे." त्या दोन तासांचे चार महिने झाले. मधल्या काळात मी गोरेगावच्या आमच्या सोसायटीत बरीच चेष्टाही करून घेतली. शेजारच्या काकांना म्हटलं, सध्या ऑर्केस्ट्रांची तुलना करतेय. ते म्हणाले, "मागच्या गणपतीत आला होता तोच बरा होता, किशोरची गाणी छान म्हणायचा." आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे स्टेज आणि गाणी. या लेखात तो शब्द शक्यतो टाळते आणि वाद्यवृंद म्हणते.

स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची स्वरलिपी, मला वाचता येत नाही. तुम्हालाही येत नसेल तर अडू नका. सा धरता येत असेल आणि मात्रा मोजता येत असतील तर सुरुवातीला तेवढं पुरतं. ज्या चुकांत माझे तीन महिने गेले, त्या खाली त्या त्या पायरीवर सांगितल्या आहेत.

१. मालिका निवडा आणि तिची हद्द आखून घ्या

भाच्याला सगळंच हवं होतं: मार्व्हल, सुपरमॅन, स्पायडरमॅन. मी एकच मालिका घ्यायला लावली, बॅटमॅन. कारण सोपं आहे. नायक तोच, शहर तेच, आईवडिलांचा खून तोच, आणि संगीतकार मात्र बदलत जातात. एक घटक बदलतो आणि बाकीचे स्थिर राहतात, म्हणून तुलनेला अर्थ येतो.

आम्ही आठ चित्रपट धरले. 'बॅटमॅन' (१९८९) आणि 'बॅटमॅन रिटर्न्स' (१९९२) यांचं संगीत डॅनी एल्फमनचं. 'बॅटमॅन फॉरेव्हर' (१९९५) आणि 'बॅटमॅन अँड रॉबिन' (१९९७) एलियट गोल्डेन्थालचे. 'बॅटमॅन बिगिन्स' (२००५) आणि 'द डार्क नाइट' (२००८) हे हान्स झिमर आणि जेम्स न्यूटन हॉवर्ड या दोघांचे, तर 'द डार्क नाइट राइजेस' (२०१२) एकट्या झिमरचा. शेवटचा 'द बॅटमॅन' (२०२२) मायकल जियाकिनोचा. कार्टूनपट आणि बॅटमॅन इतरांसोबत येतो ते चित्रपट हद्दीबाहेर ठेवले. ही हद्द वहीच्या पहिल्या पानावर लिहा, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी "पण त्यातली ती धून?" म्हणतो आणि तुम्ही भरकटता.

आठ चित्रपट जास्त वाटत असतील तर सुपरमॅन घ्या. जॉन विल्यम्सने १९७८ साली लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतलेली धून पुढच्या भागांत केन थॉर्न, अलेक्झांडर करेज आणि २००६ साली जॉन ऑटमन यांनी पुढे चालवली. एकच धून वेगवेगळ्या हातांत कशी बदलते हे ऐकायला नवख्यांना ती मालिका बॅटमॅनपेक्षा सोपी पडते. मला मात्र ती लवकर कंटाळवाणी झाली.

२. साहित्य

- कानावर पूर्ण बसणारे वायरचे हेडफोन. लॅमिंग्टन रोडवर घेतलेत तर दुकानातच मोबाइलला लावून ऐका. नुसता धमधम बास वाढवून देणारे घेऊ नका, त्यात सेलो आणि डबल बास (व्हायोलिनसारखीच पण मोठी, खालच्या सुरांची वाद्यं) एकमेकांत मिसळून जातात.
- पेटी. घरी नसेल तर मोबाइलवरचं पेटीचं ॲप चालेल, फक्त ते ४४० हर्ट्झच्या पट्टीवर लावलेलं आहे ना ते बघा.
- आठही चित्रपट अधिकृत ठिकाणी बघण्याची सोय, आणि पार्श्वसंगीताचे अल्बम.
- आडवी वही किंवा एक्सेलचा तक्ता. रकाने पाचच ठेवा: चित्रपट, मिनिट-सेकंद, प्रसंग, मुख्य वाद्य, सरगम. मी आधी चौदा रकाने आखले होते. त्यातले नऊ शेवटपर्यंत रिकामे राहिले.
- भरपूर चहा.

लोकलमध्ये ऐकून हे काम होत नाही. मी पहिला महिना बोरिवली-चर्चगेटमध्ये उभ्याने ऐकलं आणि वहीत लिहिलं, 'झिमर: सुरुवातीला काही नाही'. सुरुवातीला होतं, पुष्कळ होतं. पण ते खर्जातलं होतं आणि गाडीच्या घरघरीने ते गिळलं होतं. रात्री घरी, पंखा बंद करून ऐका.

३. अल्बम बरोबर आहे ना ते तपासा

इथे जवळजवळ प्रत्येकजण फसतो. १९८९च्या 'बॅटमॅन'चे दोन अल्बम आहेत. एक प्रिन्स या गायकाचा, त्यात गाणी आहेत. दुसरा एल्फमनच्या वाद्यवृंदाचा. शोधलं की आधी कुठला समोर येईल याचा नेम नाही. भाच्याने प्रिन्सचा अल्बम तीनदा ऐकून "मावशी, यात व्हायोलिनच नाहीत गं" असा निष्कर्ष काढला होता. 'बॅटमॅन फॉरेव्हर'चंही तसंच, गाण्यांचा अल्बम वेगळा आणि गोल्डेन्थालचा वेगळा. मार्व्हल घेणार असाल तर 'ब्लॅक पँथर'मध्ये हाच घोळ आहे: केंड्रिक लमारची गाणी एका अल्बमवर, लुडविग गोरान्सनचं ऑस्कर मिळवणारं पार्श्वसंगीत दुसऱ्यावर. इंग्रजीत नावापुढे 'स्कोअर' हा शब्द आहे का आणि संगीतकार कोण लिहिलाय, एवढं बघितलं की चूक टळते.

दुसरी फसगत म्हणजे अल्बममधला क्रम आणि चित्रपटातला क्रम एकच असेल असं समजणं. ऐकायला बरं वाटावं म्हणून तुकडे जोडलेले, हलवलेले असतात. आणि नावांवरून प्रसंग ओळखू म्हणाल तर 'बॅटमॅन बिगिन्स'च्या यादीपुढे हात टेकाल. तिथे सगळी नावं वटवाघळांच्या प्रजातींची, लॅटिनमध्ये. चौथ्या ते नवव्या तुकड्यांची पहिली अक्षरं इंग्रजीत ओळीने वाचली तर 'बॅटमॅन' होतं. ते कळल्यावर भाचा अर्धा तास नाचत होता. प्रोजेक्टला त्याचा उपयोग शून्य.

म्हणून नियम असा ठेवा: सूर अल्बमवरून काढायचे, जागा चित्रपटावरून नोंदवायची.

४. श्रेयनामावली शेवटपर्यंत बघा

पडद्यावर 'संगीत' म्हणून एक नाव येतं, पण त्या आवाजामागे बरेच हात असतात. मुंबईकरांना हे नव्याने सांगायला नको. हिंदी चित्रपटसंगीताच्या सुवर्णकाळात शंकर-जयकिशन यांच्या नावामागे सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखा अरेंजर उभा होताच. एल्फमन मूळचा रॉक बँडमधला. १९८९च्या 'बॅटमॅन'साठी वाद्यवृंदाची मांडणी केली त्याच्याच बँडमधल्या गिटारवादक स्टीव्ह बार्टेकने, आणि संचालन केलं शर्ली वॉकर यांनी. 'द डार्क नाइट'मध्ये तर याचंच प्रकरण झालं. संगीताच्या अधिकृत नोंदपत्रावर झिमर आणि हॉवर्ड यांच्याखेरीज आणखी तिघांची नावं होती, म्हणून ऑस्करच्या समितीने आधी ते संगीत अपात्र ठरवलं आणि नंतर निर्णय फिरवला. नामांकन शेवटी मिळालं नाहीच. ग्रॅमी मिळालं.

तेव्हा 'एल्फमनने हे केलं' असं लिहिताना, धून कोणाची आणि ती तुतारीला द्यायची की व्हायोलिनला हे कोणी ठरवलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत एवढं ध्यानात असू द्या.

आणखी एक. दोन चित्रपटांचं संगीत सारखं वाटलं की लगेच 'चोरी' लिहू नका. संकलनाच्या वेळी दुसऱ्याच कुठल्यातरी चित्रपटाचं संगीत तात्पुरतं लावून ठेवतात, त्याला टेम्प ट्रॅक म्हणतात. महिनोन्‌महिने ते ऐकून दिग्दर्शकाच्या कानात तेच बसतं आणि मग संगीतकाराला त्याच्या जवळपासचं काहीतरी मागितलं जातं.

५. सा धरा आणि मुख्य धून लिहून काढा

सगळ्या कामाचा जीव या पायरीत आहे, घाई करू नका.

एल्फमनची धून पाच सुरांची: सा रे ग ध प. यातले ग आणि ध कोमल. पेटीवर पांढरी एकचा सा धरून सावकाश वाजवा. पहिले तीन सूर पायरीपायरीने चढतात, मग एकदम कोमल धैवतावर उडी, आणि तिथे न थांबता पंचमावर उतरणं. ती उडी आणि तो उतार हाच त्याचा बॅटमॅन. छतावरून झेप घेतो आणि कोपऱ्यात दबा धरतो. चित्रपटाच्या सुरुवातीला ही धून खर्जात, दबकत येते आणि बघता बघता तिचं संचलन होतं.

इथे एक इशारा. हे पाच सूर आसावरी थाटात बसतात. पेटी शिकलेल्या माणसाला लगेच उमाळा येतो. पेटी शिकवणाऱ्या आमच्या बाईंना मी वाजवून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "दरबारीच की!" म्हणजे दरबारी राग. दरबारी नाही. थाटाचे सूर जुळले म्हणजे राग झाला असं नाही. इथे चलन नाही, आंदोलन नाही, आणि खाली पाश्चात्त्य पद्धतीचे स्वरसंच, म्हणजे कॉर्ड, बदलत असतात. सरगम नोंदीसाठी वापरा, रागाचं नाव देऊ नका. बाईंना हे पटवायला मला वेगळा रविवार लागला.

आता झिमर. वही उघडून बसाल आणि लिहाल काय, तर सा आणि कोमल ग. बस. दोनच सूर, खालून वर. 'धून कुठेय?' म्हणून मी रात्रभर शोधत बसले होते. धून हीच आहे. खाली तंतुवाद्यं एकच आकृती अखंड घोटत राहतात, त्या घोटण्यावर हे दोन सूर सूर्य उगवावा तसे वर येतात आणि तिथेच थांबतात. पुढचं वाक्य येत नाही. एल्फमनचा बॅटमॅन पाच सुरांत स्वतःची ओळख करून देतो, झिमरचा दोन सुरांनंतर गप्प होतो. भाच्याच्या प्रोजेक्टमध्ये मला सगळ्यांत आवडलेलं वाक्य हेच होतं, आणि ते त्याचं त्याने लिहिलेलं.

गोल्डेन्थालची धून पितळी वाद्यांची, भरगच्च, थोडी नाटकी. लोक त्या दोन चित्रपटांना हसतात म्हणून संगीतही उडवून लावतात, ते मला पटत नाही. 'फॉरेव्हर'मधल्या टू-फेससाठी त्याने तीन मात्रांचं झोकदार नृत्य योजलंय. मात्रा मोजा, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. खलनायकाला वॉल्ट्झवर डोलवण्याची कल्पना मजेदार आहे.

जियाकिनोची खूण चार सुरांची. ती इतक्यांदा येते की तासाभरात तुम्हाला पाठ होते. चित्रपट जवळजवळ तीन तासांचा आहे. त्यात रिडलर या खलनायकासाठी शूबर्टच्या 'आवे मारिया'चा धागा घेतलाय. आधी मूळ गाणं ऐका, मग चित्रपटात तो धागा कुठे कुठे डोकावतो ते नोंदवा. हा व्यायाम मुलांना आवडतो.

*सूर पेटीला जुळत नसेल तर.* मला वेड लागायची पाळी आली होती. 'बॅटमॅन बिगिन्स'चे ते दोन सूर अल्बमवर पांढरी दोनपासून सुरू होतात. घरातल्या जुन्या डीव्हीडीवर तोच सूर पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधे कुठेतरी लटकत होता. मी पेटी दुरुस्तीला टाकली. पेटीवाल्याने उघडून बघितली, म्हणाला, "ताई, पेटी ठीक आहे, कान तपासून घ्या."

पेटी ठीक होती आणि कानही. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी, म्हणजे फ्रेमनी, चित्रित होतो. आपल्याकडच्या जुन्या टीव्हीची पाल पद्धत मात्र सेकंदाला २५ चौकटींची. पाल डीव्हीडीवर चित्रपट सरळ तसाच पळवतात, म्हणजे सुमारे चार टक्के जलद. वेग वाढला की सूरही चढतो, अर्ध्या सुरापेक्षा थोडा कमी. ओळखायची खूण सोपी आहे: १४० मिनिटांचा हा चित्रपट अशा डिस्कवर १३४ मिनिटांत संपतो. तसं असेल तर त्या डिस्कवरून ना सूर लिहा, ना लय मोजा.

६. एकाच प्रकारचे प्रसंग शेजारी ठेवा

अख्खा चित्रपट अख्ख्या चित्रपटाशी ताडायला गेलात तर हाती 'हे जास्त गंभीर वाटतं' यापलीकडे काही लागत नाही. प्रसंग निवडा. आम्ही चार निवडले: पहिली नावं, खलनायकाचा प्रवेश, गाडी, आणि शेवटचं दृश्य.

गाडीचाच नमुना देते. १९८९मध्ये बॅटमोबिल रात्री जंगलातून गुहेकडे जाते तेव्हा वाद्यवृंदासोबत समूहगायन आहे. देवळाच्या गाभाऱ्यात शिरावं तसं वाटतं. गाडी पळतेय, पण संगीत पाठलागाचं नाही, गूढाचं आहे. २००५मध्ये पोलिसांना चुकवत छपरांवरून धावणाऱ्या गाडीला ठोके आणि तंतुवाद्यांची घोडदौड. २००८मध्ये मोठा ट्रक उलटतो त्या पाठलागाच्या बऱ्याच भागात संगीत नाहीच, फक्त इंजिन आणि काचा. तक्त्यात तिथे 'काही नाही' असं लिहा, रकाना रिकामा सोडू नका. मी सोडला होता आणि नंतर कळेना की तिथे संगीत नव्हतं की मी ऐकायचं विसरले होते.

खलनायकांत 'रिटर्न्स'मधली कॅटवुमन ऐका. व्हायोलिनवर सूर असे घसरवलेत की मांजर नखं ओढतंय असं वाटावं. तिच्याशेजारी 'द डार्क नाइट'चा जोकर ठेवा. त्याला धून नाही, एक सूर आहे. सेलोवर तो इतका सावकाश ताणला जातो की कुठे सुरू झाला आणि कुठे वर सरकला ते कळतच नाही. झिमरने तारांवर दाढीची ब्लेड घासूनही प्रयोग केले होते. त्याच चित्रपटात सरकारी वकील हार्वी डेंटचं संगीत हॉवर्डचं आहे, तिथे नीट गाता येईल अशी सुरावट आहे. सभ्य माणसाला सुरावट आणि जोकरला नुसता ताण, ही वाटणी एकदा लक्षात आली की डेंटचं पुढे जे होतं ते कानांनाही जाणवतं.

आवाजाची पातळी सारखी ठेवा. जुनी ध्वनिमुद्रणं हळू वाजतात, नवी मोठ्याने, आणि जे मोठ्याने वाजतं ते आपल्याला उगाच चांगलं वाटतं. पहिल्या फेरीत आम्ही दोघांनी २०१२च्या चित्रपटाला पहिला नंबर दिला होता. आवाज समान केल्यावर तो तिसरा आला.

७. एकदा खराखुरा वाद्यवृंद बघून या

हेडफोनवर फ्रेंच हॉर्न आणि ट्रॉम्बोन या दोन पितळी वाद्यांतला फरक मला कधीच कळला नसता. नरिमन पॉइंटला एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, २००६ साली सुरू झालेला. त्यांच्या मैफलीचं स्वस्तातलं तिकीट काढा आणि शक्यतो वरच्या मजल्यावर बसा, म्हणजे कोण काय वाजवतंय ते दिसतं. सुपरहिरोचं काहीही नसेल, चालेल. सेलो कुठे बसतात, डबल बास उभ्याने कसा वाजवतात, पितळी वाद्यं मागे का ठेवतात, एवढं बघितलंत की घरी आल्यावर तक्त्यातला 'मुख्य वाद्य' हा रकाना भराभर भरतो. दोन भागांच्या मधे टाळ्या वाजवू नका. मी वाजवल्या होत्या, एकटीने.

८. लोकांसमोर मांडताना

कॉलेजच्या प्रोजेक्टनंतर आम्ही हेच एका श्रोतामंडळात दाखवलं. बाहेर जाहीर कार्यक्रम करणार असाल तर ध्वनिमुद्रण वाजवायला परवाना लागतो, तो आयोजकांनी काढलाय का ते आधी विचारा. तुकडे वीस-तीस सेकंदांचेच ठेवा, आणि प्रत्येक तुकड्याआधी ती सरगम पेटीवर वाजवून दाखवा. ज्यांनी एकही बॅटमॅन पाहिलेला नाही असे आजी-आजोबासुद्धा मग धून आली की मान हलवतात.

जोकरचा तो ताणलेला सूर लावण्याआधी साउंडवाल्याला सांगून ठेवा. आमच्या वेळी सांगायचं राहिलं. दहाव्या सेकंदाला तो, यंत्रातच बिघाड झाला असं समजून, "लाइन मारतेय" म्हणत उठला आणि त्याने ॲम्प्लिफायरच बंद केला.